रात्रपाळीचा शेजारी

सप्टेंबर सरत आला की गृहनिर्माण संस्थांच्या सूचनाफलकावर दोन कागद लागतात. एक गणेशोत्सवाच्या जमाखर्चाचा, दुसरा वार्षिक सर्वसाधारण सभेच्या नोटिशीचा. आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांच्या आत, म्हणजे ३० सप्टेंबरपर्यंत, ही सभा घेण्याचे बंधन सहकार कायद्याने घातले आहे. त्यामुळे राज्यातल्या लाखाहून अधिक गृहनिर्माण संस्थांत बाप्पांच्या आगेमागेच प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या जातात. गणसंख्येअभावी सभा अर्धा तास तहकूब होते आणि मग तेवढ्याच माणसांत सुरू होते. मागील इतिवृत्त वाचून कायम, ताळेबंद मंजूर, लेखापरीक्षकाची नेमणूक मंजूर. खरी सभा त्यानंतरची. पार्किंग, गळती, कुत्रा, भाडेकरू, आवाज. काही दिवसांपूर्वी एका सुरात आरती म्हणणारी माणसे आता एकमेकांना फ्लॅटच्या नंबराने हाक मारून भांडतात. यात दुटप्पीपणा आहे असे आम्हांला वाटत नाही. आरतीला शेजाऱ्याच्या बाजूला उभे राहिले की भागते. सभेत त्याच्याशी बोलावे लागते, आणि वर्षभर ज्याच्याशी बोललो नाही त्याच्याशी पहिलेच बोलणे तक्रारीचे निघाले तर ते भांडणच होणार.

शेजारधर्मावर लिहायचे तर पुण्या-मुंबईची उदाहरणे हवी तितकी आहेत. आम्ही न्हावा शेव्याचे घेतो. न्हावा पनवेल तालुक्यातले, शेवा उरण तालुक्यातले. २६ मे १९८९ रोजी सुरू झालेल्या बंदराने दोघांना एका जोडनावात बांधले. आज देशातल्या प्रमुख बंदरांतून होणाऱ्या कंटेनर वाहतुकीचा जवळपास निम्मा भार हे बंदर उचलते. पण बंदर आले म्हणून शेजारी लगेच राहायला गर्दी झाली नाही. कित्येक वर्षे माणसे इथे कामाला येत आणि राहायला नेरूळ, पनवेल, अगदी डोंबिवलीपर्यंत परत जात. चित्र पालटले ते अलीकडे. नोव्हेंबर २०१८मध्ये खारकोपरपर्यंत लोकल आली. १२ जानेवारी २०२४ या एकाच दिवशी शिवडी-न्हावा शेवा अटल सेतूचे उद्घाटन झाले आणि खारकोपरची लोकल न्हावा शेवा स्थानकावरून पुढे उरणला पोचली. नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५चे, आणि त्या वर्षीच्या नाताळात तिथून विमाने उडू लागली. उलवे आणि द्रोणागिरी या सिडकोच्या नोडांत जिथे भाताची खाचरे आणि मिठागरे होती तिथे आता लिफ्टच्या इमारती आहेत, आणि एकेका मजल्यावर एकमेकांची भाषा, जेवण, गाव यांतले काही ठाऊक नसलेली चार-सहा कुटुंबे राहतात.

एवढे कुठल्याही नव्या उपनगरात असते. इथे निराळे आहे ते घड्याळ.

बंदराला रात्र नसते. जहाज धक्क्याला लागले की ते रिकामे करून परत भरेपर्यंत क्रेन थांबत नाहीत. जहाज खोळंबले तर त्याचा तासागणिक खर्च चढतो. क्रेन चालवणारा, यार्डातला सुपरवायझर, कंटेनर फ्रेट स्टेशनावरचा सर्व्हेअर, ट्रेलरचा ड्रायव्हर, कस्टम एजंटाकडचा रात्री अकराला बिलाचे काम उरकणारा पोरगा, सगळे पाळीने काम करतात. जहाजावर जाणारा तर महिनोन्‌महिने घरीच नसतो आणि आला की महिनोन्‌महिने घरीच असतो. आता त्यांत विमानतळावर सामान हाताळणारे आणि पहाटेच्या विमानासाठी रात्री घर सोडणारे मिळाले. एकाच जिन्यात एकाची सकाळ आणि दुसऱ्याची मध्यरात्र असते.

आपले सगळे नियम मात्र एका घड्याळाचे. ध्वनिप्रदूषणाचे २०००चे नियम रात्र म्हणजे दहा ते सहा असे सांगतात. निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. संस्थांचे स्वतःचे ठरावही त्याच चालीचे असतात: फरशीचे, प्लंबिंगचे, ड्रिलचे काम सकाळी दहा ते संध्याकाळी सहा, फार तर दुपारी दोन तास विश्रांती. हे नियम चांगले आहेत आणि पाळलेच पाहिजेत. पण रात्रभर क्रेनच्या केबिनमध्ये बसून सकाळी आठला घरी आलेला माणूस दहाला गाढ झोपेत असतो, आणि बरोबर दहाच्या ठोक्याला त्याच्या उशालगतच्या भिंतीत ड्रिल सुरू होते. तो सेक्रेटरींना फोन करतो. सेक्रेटरी खरे तेच सांगतात, काम वेळेतच चालू आहे. कायदा ड्रिलवाल्याच्या बाजूचा, उपविधी त्याच्या बाजूचे, तरी झोपमोड झालेल्या माणसाला रात्री पुन्हा टनावारी वजनाच्या पेट्या माणसांच्या डोक्यावरून फिरवायच्या असतात.

उलट बाजूही आहे, आणि ती सांगितली नाही तर हा लेख रात्रपाळीवाल्यांचे वकीलपत्र ठरेल. रात्री दोनला आलेला माणूस अडीचला वॉशिंग मशीन लावतो, कारण त्याची ती संध्याकाळ असते. दुचाकी खिडकीखाली उभी करून फोनवरचे बोलणे तिथेच पुरे करतो. वरच्या मजल्यावर पहाटे खुर्ची ओढल्याचा आवाज खालच्याच्या स्वप्नात घुसतो. दोघेही आपापल्या घड्याळाप्रमाणे सभ्यच वागत असतात.

मग यावर उपाय म्हणून एखादी उत्साही कमिटी मोबाइलवर फॉर्म फिरवते: आपल्या घरी कोण कुठल्या पाळीला असते ते भरावे. फॉर्म कोरा परत येतो आणि कमिटी लोकांच्या नावाने खडे फोडते. लोकांचे का चुकले? नवरा आठ महिने समुद्रावर आहे, घरी मी आणि दोन मुले, हे कुठली बाई दोनशे जणांच्या ग्रुपवर लिहील? रात्री घरात म्हातारी आई एकटी असते, हे कोण जाहीर करील? शेजाऱ्याने सांभाळून घ्यावे म्हणून जे त्याला ठाऊक असायला हवे, नेमके तेच परक्याला सांगण्यासारखे नसते. ते समोरच्या दाराला सांगता येते, तेही समोरच्या दाराशी आधी काही देवाणघेवाण झालेली असेल तर. विरजण मागितलेले असेल, कुरिअर ठेवून घेतलेले असेल, लिफ्ट बंद असताना गॅसचा सिलिंडर वर चढवायला हात लावलेला असेल. नियम अनोळखी माणसांनाही लागू होतात, म्हणून ते हवेत. सांभाळून घेणे ओळखीशिवाय जमत नाही. आणि ओळखीसाठी कुणाला तरी आधी बेल वाजवावी लागते, तक्रार नसताना.

ती बेल अलीकडे फार कमी वाजते. छतातून पाणी झिरपू लागले की पहिला फोटो ग्रुपवर पडतो, वरच्या मजल्यावर नंतर कळते. गळतीचा खर्च कोणाचा हे आदर्श उपविधींनी बरेचसे सोडवून ठेवले आहे. फ्लॅटच्या आतल्या नळ-संडासाची गळती ज्याची त्याची, गच्चीची संस्थेची. पण वरच्याने फरशी फोडू द्यायची की नाही, केव्हा, आणि त्या आठवड्यात त्यांनी आंघोळ कुठे करायची, हे उपविधी सांगत नाहीत. फोटो आधी पडला असेल तर वरचा माणूस दार उघडतो तेव्हा त्याच्या हातात स्वतःचा वकील असतो. निरोप्याचे काम सांगायला वॉचमन असतोच. बारा तास उभा असलेला तो बिचारा दोन्हीकडच्या शिव्या निम्म्या करून पोचवतो, आणि बऱ्याच इमारती त्याच्या या गाळणीमुळे शाबूत आहेत असे आमचे प्रामाणिक मत आहे.

न्हावा शेव्याची दुसरी गोष्ट याहून जुनी आहे. इथे नवा म्हणून राहायला येणाऱ्याला वाटते की आपण मोकळ्या जागी आलो. जागा मोकळी नव्हती. नवी मुंबईसाठी ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतल्या ९५ गावांच्या जमिनी घेतल्या गेल्या. बंदरासाठी शेवा आणि हनुमान कोळीवाडा ही गावेच उठली. शेव्याचे नवीन शेवा झाले; हनुमान कोळीवाड्याच्या लोकांना उरणजवळ बोरी पाखाडीला घरे मिळाली आणि त्या घरांना वाळवी लागली. जमिनीच्या मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली इथले आगरी, कोळी, कराडी शेतकरी उठले, तेव्हा १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी पोलिसांच्या गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. जासईचे हुतात्मा स्मारक त्यांचे. संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना त्या लढ्यातून आली, आणि तिचा लाभ हातात पडायला कित्येकांना आणखी दशके लागली.

या साडेबारा टक्क्यांचे पुढे काय झाले ते पाहिले की शेजाराचा प्रश्न वेगळाच दिसू लागतो. अनेकांनी आपला भूखंड बिल्डरला दिला, बदल्यात पैसे आणि काही फ्लॅट घेतले. म्हणजे उलव्याच्या एखाद्या इमारतीत सातव्या मजल्यावर गृहकर्ज काढून आलेला बँकेतला नोकरदार राहतो, आणि दुसऱ्या मजल्यावर, त्याच इमारतीत, आजोबांच्या शेतीच्या बदल्यात फ्लॅट मिळालेला माणूस. पहिला दुसऱ्याला ‘लोकल’ म्हणतो, दुसरा पहिल्याला ‘बाहेरचे’. दोघांचे शेअर सर्टिफिकेट एकाच नमुन्याचे असते आणि सभेत मत एकच.

सभेत ‘वासाचा’ विषय निघतो तो इथे. बोंबील, जवळा, सुकट. गॅलरीत वाळत घातलेल्या मासळीचा वास ज्याला सोसत नाही त्याचा त्रास खोटा नाही. नाकाला इतिहास शिकवता येत नाही. पण तक्रारअर्जाची भाषा पाहावी. ‘सुसंस्कृत वस्तीला न शोभणारे’ असे शब्द त्यांत आले की अर्ज वासाचा राहत नाही. ज्या खाडीवर ही इमारत उभी आहे त्या खाडीने पिढ्यान्‌पिढ्या हीच मासळी पुरवली, आणि भराव आधी तिच्यावर पडला. इतके ठाऊक असलेला माणूस अर्ज देण्याऐवजी दोन मजले उतरून खाली जाईल, आणि पुष्कळदा तेवढ्याने काम होते: गॅलरीऐवजी मागच्या बाजूला, किंवा गावातल्या भावकीच्या अंगणात. गच्चीचा पर्याय आम्ही सुचवत नाही. कावळ्यांनी तो आधीच नाकारला आहे.

गावाच्या बाजूचे कर्तव्यही आहे. आगरी-कोळी लग्नातली हळद ही लग्नाहून मोठी रात्र. तिथे बँड लागणार, गाणी होणार, माणसे नाचणार, आणि ते व्हावे. पण इमारतीच्या आवारात दहानंतर डीजे वाजला की सातव्या मजल्यावरचा माणूस पोलिसांना फोन लावतो, आणि मग गावकीतले कुणीतरी छाती पुढे काढून ‘जागा कुणाची होती’ हा प्रश्न विचारते. जागा तुमची होती हे खरे. म्हणूनच यजमानपणही तुमच्याकडे येते. आठवडाभर आधी सगळ्या मजल्यांवर जाऊन हळदीचे आमंत्रण द्यावे, दहाला आवाज उतरवू हे त्याच दारात सांगावे. नव्याने आलेल्यांनीही ‘आमचे जमणार नाही’ असे दारातून न सांगता अर्धा तास खाली यावे. हळद लागलेल्या माणसावर पोलिस बोलावणे फार अवघड जाते.

सहकारी गृहनिर्माणाचा इतिहास या बाबतीत आपल्याला फारसा उपयोगी पडत नाही. मुंबईत गावदेवीला रावबहाद्दूर श्रीपाद सुब्राव तालमकी यांनी १९१५ साली सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था उभी केली. देशातल्या पहिल्यावहिल्या संस्थांत ती मोडते आणि सहकाराची वाट दाखवणारी म्हणून तिचे नाव आदराने घेतले जाते. पण तिथे शेजारी एकमेकांना आधीपासून ठाऊक होते. एक ज्ञाती, एक देवघर, सणवारांचे एकच पंचांग. विश्वास आधी होता, इमारत नंतर आली. त्या काळच्या बहुतेक संस्था याच चालीच्या. ही चाल अजून कायद्याबाहेर नाही. अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणात २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने सभासदत्व आपल्या समाजापुरते ठेवणारा उपविधी वैध ठरवला.

ज्या वर्षी न्हावा शेवा बंदर सुरू झाले त्याच वर्षी, १९८९मध्ये, सिंगापूर या दुसऱ्या बंदराच्या शहराने नेमका उलटा निर्णय घेतला. तिथली बहुसंख्य जनता सरकारी गृहमंडळाच्या इमारतींत राहते. प्रत्येक इमारतीत आणि वस्तीत चिनी, मलय, भारतीय यांचे प्रमाण ठरवून दिले गेले, जेणेकरून एकाच वंशाच्या वस्त्या होऊ नयेत. घर विकतानाही ही मर्यादा पाळावी लागते, त्यामुळे अल्पसंख्याकांना गिऱ्हाईक मिळायला त्रास होतो, ही तक्रार तिथे आहेच. शेजार हुकमाने मिसळता येतो. जुळतो का, हा पुढचा प्रश्न.

उलवे-द्रोणागिरीत ना तालमकींची ज्ञाती आहे ना सिंगापूरचा हुकूम. बिल्डरचा दर, बँकेचा हप्ता आणि सिडकोची सोडत यांनी माणसे एका जिन्यात आणून ठेवली आहेत. हे आम्हांला १९१५पेक्षा अवघड वाटते आणि अधिक मोलाचेही. आपल्यासारख्यांशी चांगले वागायला सहकार लागत नाही.

एक माणूस मात्र या सगळ्या हिशेबातून वगळला जातो, तो भाडेकरू. सभेत त्याला मत नाही. त्याच्या घरमालकाकडून संस्था बिनभोगवटा शुल्क घेते. सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांहून ते जास्त असू नये असे शासनाने २००१मध्ये ठरवले, त्याआधी संस्था मनाला येईल ती रक्कम लावत. पैशाचा जुलूम आवरला, वागण्याचा राहिला. ‘बॅचलर नकोत’ हा ठराव महाराष्ट्रातल्या कितीतरी संस्थांच्या इतिवृत्तांत सापडेल. कधी लिफ्ट वेगळी, कधी जिम बंद, कधी पाहुण्यांची नोंद फक्त भाडेकरूंच्या. घरमालक ठाण्याला किंवा दुबईला राहतो, सभेला येऊन भाडेकरूंवर निर्बंध घालणाऱ्या ठरावाला हात वर करतो आणि त्याच भाडेकरूच्या भाड्यावर हप्ता फेडतो. इमारतीत वर्षभर राहणारा, लिफ्टमध्ये अडकलेल्या पोराला बाहेर काढणारा, हेटवणे धरणाचे पाणी कधी येणार हे टाकीवर जाऊन बघणारा माणूस मात्र सभेच्या वेळी खाली मोटारसायकल पुसत असतो.

बंदर आणि विमानतळ यांच्या मधल्या पट्ट्यात पुढची काही वर्षे येणारे बहुतेकजण भाड्यानेच येणार आहेत. विशी-पंचविशीतली मुलेमुली, पाळीने काम करणारी, तिघे-चौघे मिळून एक फ्लॅट घेणारी. रात्री तीनला घरी येणाऱ्या मुलीकडे वॉचमनने कुठल्या नजरेने बघायचे, हे तो स्वतः ठरवत नाही. कमिटीतले लोक तिच्याबद्दल काय बोलतात ते ऐकून तो ठरवतो. तिच्या नोकरीची वेळ चारित्र्याचा विषय नाही, हे कमिटीच्या अध्यक्षांनी त्याला एकदा स्पष्ट सांगितले की पुरे.

भाडेकरूला मत देता येत नाही, बोलू देता येते. अध्यक्षांच्या परवानगीने येणाऱ्या आयत्या वेळच्या विषयांपूर्वी अर्धा तास भाडेकरूंना ऐकण्यासाठी ठेवायला कुठला कायदा आड येत नाही. रात्रपाळीच्या कुटुंबांनी आपले नाव फक्त आपल्या मजल्यावर सांगावे आणि कुणाच्याही घरातले तोडफोडीचे काम निघाले तर आदल्या संध्याकाळी वरच्या, खालच्या आणि बाजूच्या घरांत जाऊन वेळ विचारावी, एवढाच ठराव करायला कोणाची ना नसावी. ड्रिल दहाऐवजी तीनला सुरू झाले म्हणून स्वयंपाकघराचा ओटा काही कमी टिकत नाही. आणि ज्या संस्थांनी ‘बॅचलर नकोत’ हे इतिवृत्तात लिहून ठेवले आहे त्यांनी यंदाच्या सभेत मागील इतिवृत्त कायम करताना त्या ओळीपाशी थांबून ती रद्द करावी. त्यासाठी हजर सभासदांचे बहुमत लागते, आणि अर्ध्या तासाच्या तहकुबीनंतर जितके उरतात तितक्यांतही ते मिळू शकते.